एक वजनदार माणूस ‘हो’ म्हणाला की सगळेच ‘हो’ म्हणतात, याला एकमत म्हणायचं का?

तुमचा प्रश्न असा, की दहा-बारा जण आपापल्या ठिकाणाहून एक काम मिळून करतात, निर्णय नेहमी ‘एकमताने’ होतात, पण सगळ्यात अनुभवी माणूस बोलला की विषयच संपतो. मग हे एकमत खरं मानायचं का?

बारा होकारांत मतं किती, ते आधी बघा. पुष्कळदा एकच निघतं. बाकीचे अकरा ‘मम’ म्हणत असतात.

मी हे वजनदार माणसाच्या बाजूनं पाहिलंय. एका सामायिक प्रकल्पात मी जुना गडी. एका नवख्यानं केलेला बदल तपासायला आला. मी घाईत होतो, वरवर नजर फिरवली आणि ‘ठीक वाटतंय’ लिहून मोकळा झालो. तासाभरात आणखी चौघांची मंजुरी पडली. पुढे घोळ निघाला: तारखांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. विचारलं तर चौघांचं उत्तर एकच, ‘तुम्ही बघितलंय म्हटल्यावर आम्ही काय बघायचं?’ त्यातल्या एकीला शंका आली होती. तिनं ती लिहिली, वर माझं नाव दिसलं, आणि खोडून टाकली.

हे नुसतं भिडेपोटी होतं असं नाही. अनुभवी माणूस बहुतेकदा बरोबर असतो, त्यामुळे त्याची री ओढणं हा शहाणपणाचाच हिशेब असतो. गोची अशी, की एका कामात कमावलेलं वजन भलत्याच कामात येऊन बसतं. १९५४ सालच्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांनी अमेरिकी हवाई दलातल्या बाँबर विमानांच्या तुकड्यांना काही कोडी घातली. त्यातलं एक घोड्याचं: घोडा ६० डॉलरला घेतला, ७०ला विकला, ८०ला परत घेतला, ९०ला विकला, तर नफा किती? (२० डॉलर. करून बघा, भले भले १० म्हणतात.) याचा विमान उडवण्याशी काडीचा संबंध नाही. तरी वैमानिकाचं बरोबर उत्तर तुकडी सहसा उचलून धरायची, आणि गनरचं, म्हणजे विमानातल्या बंदुका चालवणाऱ्याचं, बरोबर उत्तर कितीतरी जास्त वेळा बाजूला पडायचं.

विद्वानांचंही तेच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच शोधनिबंध पाचशेहून अधिक परीक्षकांनी तपासला. लेखक म्हणून फक्त नवख्या संशोधकाचं नाव दिसलं तेव्हा सुमारे ६५ टक्क्यांनी तो नाकारा म्हटलं. त्याचे सहलेखक, नोबेलविजेते व्हर्नन स्मिथ यांचं नाव दिसलं तेव्हा २३ टक्क्यांनी. नाव झाकलं तेव्हा आकडा मध्ये, ४८च्या आसपास.

मग करायचं काय? क्रम बदला. दुसऱ्यांचं काही दिसायच्या आत प्रत्येकानं आपलं मत लिहून टाकायचं, आणि वजनदार माणसानं शेवटी बोलायचं. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या बैठकांत तर कौल घेताना लोक वर्षानुवर्षं तोंड मिटून ‘हम्म’ करायचे; हात वर होत नसत, त्यामुळे कोण कुठल्या बाजूला ते चटकन कळायचं नाही. सरसकट नाव लपवणं मात्र मला पटत नाही, कारण मग ज्याला खरंच कळतं तोही गर्दीत हरवतो.

मी स्वतः आता मंजुरी देताना काय बघितलं तेवढंच लिहितो: ‘तारखांचा भाग तपासला, बाकी वाचलेलं नाही.’ लोक थोडे कुरकुरतात. पण बाकीचं वाचतात.