कोशिंबीर आठवली नाही म्हणून मुलगा परका झाला का?

दिवाळी ते जानेवारी म्हणजे आपल्या बडोद्यात परदेशातली मुलं घरी यायचा सीझन, त्यामुळे यावेळी भाषेवरचीच पत्रं जास्त आलीयत. त्यातली तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते, कारण ते पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न : ताई, माझा मुलगा ३४ वर्षांचा, ११ वर्षं झाली कॅनडात, कॅलगरीला असतो. डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी आला होता. पाणी दिलं तरी मला थँक यू म्हणायचा. 'शॉवर घेऊन येतो', 'आई मी तुला खूप मिस केलं', 'हे सेन्स नाही बनत' असलं काहीतरी मराठी, आणि वाक्याच्या शेवटी सूर असा वर न्यायचा की प्रत्येक वाक्य प्रश्नच वाटायचं. एका रविवारी सगळे जेवायला होते, त्याला कोशिंबीर हवी होती पण शब्दच आठवेना, हात पुढे करून म्हणाला, 'ती... ती काकडीची दह्यातली दे ना'. माझा भाऊ मोठ्यांदा हसला, 'काय साहेब, मराठी विसरलात वाटतं!' सगळे हसले, मीपण हसले. त्यानंतर तो घरात इंग्रजीच बोलायला लागला आणि आता व्हिडिओ कॉलवरपण इंग्रजीच. मला तर काही समजच नाही पडत. ११ वर्षांत मातृभाषा विसरते का माणूस, की हा भाव खातोय? (एक आई, दांडिया बाजार)

उत्तर : भाव खात नाहीये हो. आणि विसरलाही नाहीये, ते त्याच्याच वाक्यात दिसतंय. 'ती काकडीची दह्यातली' म्हणाला ना, म्हणजे शब्द हरवला पण ती गोष्ट स्त्रीलिंगी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, 'ते काकडीचं' नाही म्हणाला. मोठेपणी देश सोडलेल्या माणसाचं असंच होतं, व्याकरण सहसा शाबूत राहतं, आधी अडतात ते शब्द, आणि तेही रोज तोंडात न येणारे. आई, पाणी, भूक हे कुठेही जात नाहीत. कोशिंबीर, उलथनं, पंचा, सांडगे हे मात्र माळ्यावर मागे सरकत जातात. शिवाय दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा एकदमच जाग्या असतात, एक बोलायची तर दुसरीला दाबून ठेवावं लागतं, आणि जी दिवसभर वापरात असते ती दाबायला जास्त जोर लागतो. तो हात पुढे करून थांबला होता ना, तेव्हा हेच चाललं होतं.

'शॉवर घेतो'चं पण तेच, साचा इंग्रजीचा आणि शब्द मराठी. आता रागावू नका पण तुमच्याच पत्रात बघा, तुम्ही लिहिलंय 'मला समज नाही पडत'. पुण्यात असं कोणी म्हणणार नाही, तिथे 'समजत नाही' किंवा 'कळत नाही', हे आपल्या गुजरातीतून आलेलं आहे. मी चूक काढत नाहीये, मीपण तस्संच बोलते. आमच्याकडे केर-फरशी कधी झालीच नाही, कचरा-पोतंच झालं, झोपाळ्याला आम्ही हिंचका म्हणतो आणि एखादी गोष्ट जमत नसली की 'मला नाही फावत'. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात आपली माणसं इथे आली, तेव्हापासून शेजारची भाषा आपल्या मराठीत मुरतेय आणि तरी २०१८ साली ९१वं मराठी साहित्य संमेलन आपल्याच बडोद्यात भरलं. आपल्याला जे तीनशे वर्षांत झालं त्याचंच थोडंसं तुमच्या मुलाला ११ वर्षांत झालंय, एकटा पडलाय ना तो तिथे, लवकर होणारच.

थँक यूचं मनाला लावून घेऊ नका. तिकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरलासुद्धा थँक यू म्हणतात, ते जिभेला लागलेलं वळण आहे. आपल्यात आईचे आभार मानत नाहीत, 'बरं झालं आणलंस' म्हणतात नाहीतर नुसतं पाणी पिऊन भांडं परत देतात. त्याच्या मनात तेच होतं, तोंडातून तिकडचं निघालं.

पण मला खरी काळजी वाटते ती त्या हसण्याची. मोनिका श्मिड नावाच्या भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हिटलरच्या काळात जर्मनीतून इंग्लंड-अमेरिकेत पळून गेलेल्या ज्यूंच्या मुलाखतींचा अभ्यास केला. मुलाखती झाल्या तेव्हा त्यांना देश सोडून कित्येक दशकं झाली होती. कोणाची जर्मन जास्त बिघडली होती माहितीये? आपण म्हणू जो आधी गेला त्याची किंवा जो जर्मन कमी बोलला त्याची. तसं नाही निघालं. १९३८च्या नोव्हेंबरात ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, त्याच्यानंतर जे निघाले त्यांची जर्मन सगळ्यात जास्त गेली होती, आणि सुरुवातीलाच निघून गेलेल्यांची बरीच चांगली राहिली होती. म्हणजे वर्षं किती गेली यापेक्षा त्या भाषेत आपल्याशी कोण कसं वागलं याचा परिणाम मोठा होता. जेवणाच्या टेबलावरचं हसणं आणि तो छळ यांची तुलनाच होऊ शकत नाही, तशी मी करतही नाहीये, पण जिथे दुखलं तिथून माणूस अंग काढून घेतो हे लहान गोष्टीतही होतं. मी नऊ वर्षांची असताना एका लग्नात 'हिंचका' म्हटलं म्हणून पुण्याच्या आत्याने चार बायकांत माझी नक्कल केली होती. पुढे कित्येक वर्षं मी तिच्यासमोर हो-नाहीच्या पलीकडे बोलले नाही. मला मराठी येत होती की हो!

तेव्हा आधी तुमच्या भावाला सांगा, माफीबिफी नको, त्याने भाच्याला फोन करावा आणि काहीतरी खरंखुरं विचारावं, तिकडे बर्फात गाडी कशी चालवतात, घराचा हप्ता किती, आणि त्याने कितीही इंग्रजी मिसळलं तरी मध्ये बोलू नये. तुम्ही फोन करताना रोजचं 'जेवलास का' सोडून स्वयंपाक करता करताच करा, फोन ओट्यावर उभा ठेवा आणि हातात आहे त्याचं नाव घेत बोला, 'थांब हं, कोशिंबिरीला फोडणी देते'. चूक सुधारायची नाही, बरोबर शब्द आपल्या वाक्यात येऊ द्यायचा, बास. तो इंग्रजीत बोलला तरी तुम्ही मराठीच बोला पण 'मराठीत बोल रे' म्हणू नका. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकत जा, त्यात समोर कोणी बघत नसतं, शब्द शोधायला वेळ मिळतो. आणि पुढच्या वेळी आला की पहिले आठ-दहा दिवस धीर धरा, तेवढ्यात मागे सरकलेलं बरंच पुढे येतं, आमच्या घरातल्या दोघा-तिघांचं मी बघितलंय.

एक अजून, तुम्हीपण हसलात हे त्याला एकदा बोलून दाखवा. मराठीत.

प्रश्न : माझी मोठी बहीण १९८८पासून न्यू जर्सीत आहे. तिचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध! 'फोन फिरव', 'टेप लाव' म्हणते, माझ्या मुली तिला म्हातारी म्हणतात. असं कसं? (कारेलीबाग)

उत्तर : ती निघाली तेव्हाचं मराठी ती बरोबर घेऊन गेली, आणि इथलं मराठी पुढे गेलं. तिच्याकडे फोन खरंच फिरवायचा होता हो! तंजावरला सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर गेलेल्या लोकांच्या मराठीत तमिळ भरपूर मिसळलंय पण आपल्याकडून गेलेली जुनी रूपंही तिथे टिकून आहेत, तसंच हे. मुलींना म्हणावं मावशीचे शब्द लिहून ठेवा, चेष्टा नको.

प्रश्न : नातू ५ वर्षांचा, मुलगी-जावई त्याला घेऊन मेलबर्नला निघालेत. आज टकाटक मराठी बोलतो. सगळं विसरेल का? (मांजलपूर)

उत्तर : खरं सांगते, लहान मुलांचं मोठ्यांसारखं नसतं. मूल १० - १२ वर्षांचं व्हायच्या आत भाषेचा संपर्क तुटला तर व्याकरणसुद्धा निसटतं. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या मुलांची मोठेपणी तपासणी केली, २००३मध्ये ते संशोधन छापून आलं, तर कोरियन वाक्यं त्यांना ओळखताच येईनात, मेंदूच्या स्कॅनमध्येही कोरियन इतर परक्या भाषांसारखीच दिसली. पण अशाच दत्तक गेलेल्या दुसऱ्या काही लोकांना नंतर कोरियन उच्चार शिकवले तेव्हा ते इतरांपेक्षा भराभर शिकले, म्हणजे तळाशी काहीतरी शिल्लक होतं. आणि तुमच्या नातवाचा तर संपर्क तुटतच नाहीये, घरात आई-बाबा आहेत. मुलीला सांगा, शाळा सुरू झाल्यावर तो इंग्रजीत उत्तरं द्यायला लागेल, तेव्हा तिने इंग्रजीवर जाऊ नये. तुमच्याकडे रोजचं एखादं काम घ्या. गोष्ट अर्धी सांगून थांबा, उरलेली उद्या. मेलबर्न आपल्या साडेचार-साडेपाच तास पुढे आहे, त्याची झोपायची वेळ म्हणजे तुमचा दुपारचा चहा, तेवढी पंधरा मिनिटं त्याच्यासाठी ठेवा.