खिडकीशी बसलेले ‘डॉक्टर’

प्रश्न : एका कार्यक्रमानंतर मी बहिणीला म्हणालो, ‘खिडकीशी बसलेले डॉक्टर छान बोलले.’ ते गृहस्थ वकील निघाले आणि खिडकीशी दुसरे कोणीच नव्हते. तरी मला कोण अभिप्रेत होते ते बहिणीने ओळखले. मग माझे वाक्य खोटे म्हणायचे का? आणि पुढे मी ‘त्यांचा आवाजही चांगला आहे’ म्हटले, त्यातले सर्वनाम कोणाऐवजी आले?

उत्तर : तत्त्वज्ञांनी यावर बराच वाद घातला आहे. बर्ट्रंड रसेल यांच्या १९०५ च्या मांडणीनुसार वाक्य खोटे. ‘खिडकीशी बसलेले डॉक्टर’ असा वर्णनपर शब्दसमूह हे कोणाचे नाव नसते; खिडकीशी एक डॉक्टर आहेत, एकच आहेत आणि ते छान बोलले, अशी तीन विधाने तुमच्या वाक्यात एकवटली आहेत आणि त्यांतले पहिलेच टिकत नाही. पीटर स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये हरकत घेतली की तसे कोणी तिथे असल्याचे आपण सांगत नसतो, धरून चाललेले असतो. ते चुकले तर खरे-खोटे ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही. कीथ डॉनेलन (१९६६) तुमच्या बाजूचे आहेत : ‘वर्णनात जो कोणी बसेल तो’ या अर्थाने वर्णन वापरणे वेगळे आणि बोट दाखवावे तसे वापरणे वेगळे; तुम्ही दुसरे केले. मला मात्र सॉल क्रिपकी यांचे १९७७ चे उत्तर अधिक पटते. शब्दांचा निर्देश, म्हणजे ते ज्याच्याकडे रोख धरतात तो, एक; बोलणाऱ्याचा दुसरा. बहिणीने तुमचा निर्देश ओळखला, शब्दांचा नव्हे.

‘त्यांचा’ हे सर्वनाम तुमच्याच निर्देशामागे गेले, म्हणजे वकिलांकडे. ‘नामाऐवजी येतो तो शब्द सर्वनाम’ ही शाळेत पाठ केलेली व्याख्या इथे अपुरी पडतेच, पण तिची खरी फजिती अन्यत्र होते. ‘प्रत्येकाला वाटते, आपण शहाणे आहोत’ यात ‘आपण’च्या जागी ‘प्रत्येकजण’ घालून पाहा : आत्मप्रौढीचे वाक्य एकदम जगाविषयीच्या औदार्याचे होते! ‘ज्याच्याकडे छत्री असते, तो ती कुठेतरी विसरतोच’ यातली ‘ती’ तर कोणतीच ठरावीक छत्री नाही. तत्त्वज्ञ गॅरेथ एव्हान्स यांच्या मते अशा सर्वनामात एक वर्णन दडलेले असते : ‘त्याच्याकडे असलेली छत्री’. हे उत्तर चांगले आहे, पण एखाद्याकडे दोन छत्र्या असल्या की ‘ती’ म्हणजे नेमकी कोणती, यावर ते अडखळते.