रेडिंगला अक्षरे शिकायला जाण्यापूर्वी

सोलापुरात उपयोजित कलेची पदविका घेतल्यावर इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात (स्पेलिंग पाहून ‘रीडिंग’ म्हणू नका) टाइपफेस डिझाइनचे, म्हणजे छपाईच्या आणि पडद्यावरच्या अक्षरांची वळणे घडवण्याचे, एम.ए. करावे की मुंबईतच शिकावे, असे तुम्ही विचारले आहे. नवी पेठेतल्या काकांच्या छापखान्यात बसून मीही एकदा हाच विचार केला होता, आणि तेव्हा घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. शुल्क, व्हिसा आणि अर्जाच्या तारखा सरकारी आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळांवर आहेत. त्या इथे लिहीत नाही.

१९९९ पासून चालू असलेला हा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि ते वर्ष पुरत नाही. पहिल्या महिन्यात मी ‘क्ष’चे सोळा आराखडे भिंतीवर लावले. देवनागरीचे एक अक्षरही न वाचता येणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांतला एक कागद काढून उलटा धरला, डोळे बारीक केले आणि गाठीपाशी शाई तुंबेल असे सांगितले. ते अगदी बरोबर होते. अक्षराकडे अर्थ विसरून निव्वळ आकार म्हणून पाहण्याची ही सवय मला तिथेच लागली. मात्र ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द वेगळे दिसलेच पाहिजेत, किंवा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मराठी डोळ्याला खटकतात, हे तिथे मला कोणी सांगणार नव्हते. सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी जिथे शिकवत असत त्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात हे शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थीही सांगेल.

कागदपत्रांचा राग अजून गेलेला नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव ‘व्यंकट’ आणि पासपोर्टवर ‘व्यंकटराव’. या ‘राव’पायी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि तीन कार्यालयांच्या फेऱ्या यांत अकरा आठवडे गेले. एका कारकुनाने तर वडिलांचाच शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तुमच्या सगळ्या कागदांवरची नावे आजच एकाखाली एक मांडून तपासा.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण लोक सांगतातच म्हणून सांगतो: स्वयंपाक येत असेल आणि शेंगाचटणीचा डबा बरोबर असेल, तर तो निभतो.

निभले नाही ते वेगळेच. व्हिसासाठी ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते आणि माझ्याकडे ती पुरेशी नव्हती. छापखान्यातले पायाने चालवायचे ट्रेडल मशीन तसेही बंद पडले होते, म्हणून काकांनी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांच्या, पेट्या विकल्या. खिळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथीलही असते, पण भंगारवाल्याने सगळे शिशाच्या भावाने तोलून नेले. मी तिथेच उभा होतो आणि पावती मीच घेतली. पुढे रेडिंगच्या संग्रहात लिनोटाइप आणि मोनोटाइप या छपाईयंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनी भारतीय लिप्यांसाठी केलेली रेखाटने क्रमांक घालून जपलेली पाहिली, तेव्हा मी त्याविषयी कोणाशीही बोललो नाही. काकांशीही नाही, ते मात्र फोनवर दर वेळी ‘कोर्स कसा चाललाय’ एवढेच विचारत.

म्हणून जाणार असाल तर आधी सोलापुरातले जुने छापखाने पालथे घाला. जिथे खिळे उरले असतील तिथे काळी शाई लावून प्रत्येक अक्षराचा ठसा गुळगुळीत कागदावर घ्या. तुटके आणि झिजलेले खिळेही वगळू नका, कारण झीज कुठे होते यावरूनच रेषेची जाडी कुठे वाढवायची ते कळते. जोडाक्षरे आधी घ्या. माझ्याकडे काकांच्या खिळ्यांतून छापलेली बहिणीची लग्नपत्रिका तेवढी उरली आहे, आणि तिच्यात ‘ळ’ दोनदाच आलेला आहे.