हेलिकॉप्टर न बघता, नुसत्या आवाजावरून कोणतं ते ओळखता येतं का? खिडकीची तावदानं आधी थरथरतात, हेलिकॉप्टर मागून दिसतं, ते का?

ओळखता येतं, पण नुसत्या कानाने नाही. तावदानांचं म्हणाल तर रोटरचा मूळ सूर फार खालचा असतो, आणि खालचे सूर हवेत लवकर विरत नाहीत. कानाला जाणवायच्या आधी काच बोलते.

हा सूर म्हणजे पात्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे. एमआय-१७ ला पाच पाती, मिनिटाला सुमारे १९२ फेरे, म्हणजे १६ हर्ट्झ. ध्रुवला चार पाती, ३१४ फेरे. तिथे २१ येतात.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया राखत बसलो होतो (आईचा हुकूम), तेव्हा महूच्या बाजूने एक आलं. कुरडया कावळ्यांवर सोडून फोनवर रेकॉर्ड केलं. नंतर आवाजातले सूर रेघांनी दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहिलं तर रेघा ३८, ५७, ७६ हर्ट्झवर. मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले सूरही वाजतात, त्यांच्या या रेघा. चक्क एकोणिसाचा पाढा! खुद्द १९ ची रेघ नव्हतीच, फोनचा माइक इतकं खालचं धड पकडत नाही. पण दोन रेघांतलं अंतर मिळालं की झालं. डोक्यावरून पुढे गेल्यावर तोच पाढा चौदाचा झाला. हा डॉप्लर परिणाम: जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. खरा सूर काढायला इथे सरळ सरासरी काढू नका, साडेसोळा येतील आणि चुकेल. गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज: ५३२ भागिले ३३, म्हणजे १६.१. वेगही फुकटात मिळतो: फरक भागिले बेरीज गुणिले ध्वनीचा वेग. उन्हाळ्यात तो सेकंदाला ३५० मीटर धरला तर ताशी १९० किलोमीटर.

तरी एवढ्यावर मी एमआय-१७ म्हटलं नसतं, कारण तीन पात्यांचा चेतकही १७-१८ च्या आसपासच वाजतो. निकाल लावला तो एका आगंतुक रेघेने. येताना साडेसहासष्टच्या जवळ होती, एकोणिसाच्या पाढ्यात न बसणारी. ती शेपटीच्या रोटरची. डॉप्लर दोन्ही सुरांना सारखाच ताणतो, म्हणून त्यांचं गुणोत्तर हलत नाही: साडेतीन. एमआय-१७ चा शेपटीचा सूर सुमारे ५६. ५६ भागिले १६, साडेतीनच.

रेघा कुठे पडतील हे असं कागदावर सांगता येतं. किती मोठ्याने, हे मात्र किचकट. फोक्स विल्यम्स आणि हॉकिंग्ज यांचं १९६९ चं समीकरण आहे, पण त्याला पात्यावरचा क्षणोक्षणीचा दाब आधी द्यावा लागतो, आणि घोडं तिथेच अडतं. त्यातही उतरताना. पात्याच्या टोकाकडून सुटलेले भोवरे तेव्हा खाली निघून न जाता रोटरच्या पातळीतच रेंगाळतात, मागचं पातं त्यांच्यावर आपटतं, आणि तो ओळखीचा थडथडाट होतो. उतरण्याचा कोन जरा बदलला की तेच हेलिकॉप्टर वेगळंच वाजतं.

करून बघायचं असेल तर डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल ठेवा. व्हॉइस नोट नको, त्यात खालचे सूरच आधी कापले जातात.