फिनी काउंटी, कॅन्सस: सही करण्याआधी आकडे नीट वाचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नाशिकला माध्यमिक शाळेत गणित शिकवता. कॅन्सस राज्यातल्या फिनी काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग), गार्डन सिटीच्या सरकारी शाळेत जे-1 (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसावर तीन वर्षांसाठी बोलावणं आलंय. सोबत आयटीतले यजमान आणि पाच वर्षांचा मुलगा येणार. नेटवर शोधलं तर ‘ग्रामीण भाग, वस्ती 38 हजार, निम्मे हिस्पॅनिक, बीफचा धंदा’ एवढंच मिळतं, आणि त्यावरून काय ठरवायचं ते कळत नाही.

आधी आकार समजून घ्या. फिनी काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे 1,300 चौरस मैल, म्हणजे जवळपास 3,370 चौरस किलोमीटर. गोव्यापेक्षा थोडं कमी. गोव्यात 2011 साली साडेचौदा लाख माणसं होती. इथे 2020 च्या जनगणनेत 38,470 निघाली. त्यातली 28,151 एकट्या गार्डन सिटीत, आणखी थोडी शेजारच्या हॉलकम्बमध्ये. बाकी सगळं शेत, गोठे आणि सरळ रस्ते. तरीही आजूबाजूच्या मानाने ही काउंटी गजबजलेली आहे. उत्तरेला लागून असलेल्या लेन काउंटीत 1,574 माणसं राहतात.

आता खरी गंमत. पश्चिम कॅन्ससमधल्या बहुतेक काउंट्या कित्येक दशकं रिकाम्या होत चालल्यात, तरुण पोरं विचिटा नाहीतर डेन्व्हर गाठतात. फिनीचे आकडे मात्र असे: 1980 मध्ये 23,825, 1990 मध्ये 33,070, 2000 मध्ये 40,523, 2010 मध्ये 36,776, 2020 मध्ये 38,470. या पाच आकड्यांत काउंटीचं अख्खं अर्थकारण आहे. डिसेंबर 1980 मध्ये हॉलकम्बजवळ आयबीपी कंपनीचा बीफ कारखाना सुरू झाला, त्या काळी जगातला सगळ्यात मोठा. 1983 मध्ये गार्डन सिटीजवळ दुसरा आला. माणसं लोटली. 25 डिसेंबर 2000 ला, ऐन नाताळात, तो दुसरा कारखाना (तेव्हा कॉनअग्राचा) आगीत गेला आणि पुन्हा उघडलाच नाही. दोन हजारांवर नोकऱ्या गेल्या. पुढच्या जनगणनेत लोकसंख्या घटलेली दिसते, ती बरीचशी यामुळे. पहिला कारखाना 2001 पासून टायसन या मांस कंपनीकडे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये तोही पेटला. तेव्हा कंपनीने कामगारांचा पगार चालू ठेवला आणि डिसेंबरमध्ये काम पुन्हा सुरू झालं, म्हणून गाव वाचलं.

म्हणजे इथली लोकसंख्या कारखान्यातल्या गुरं कापायच्या लाइनवर ठरते. त्या लाइनवर उभं राहायला गावातली माणसं पुरत नाहीत, म्हणून बाहेरची येतात. मेक्सिकन लोक जुने, शंभर वर्षांपूर्वी बीटच्या शेतांवर आणि सांता फे रेल्वेच्या कामावर आलेले. मग 1980 च्या आसपास व्हिएतनामी, नंतर मध्य अमेरिकेतले, पुढे सोमाली आणि बर्मी. मेक्सिकोहून आलेले, घरात जुनी जर्मन बोली बोलणारे मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) लोकही या भागात आहेत. ‘निम्मे हिस्पॅनिक’ म्हणताना हे सगळं एका खणात कोंबलं जातं, शिवाय त्या निम्म्यांत पाचव्या पिढीचा इंग्रजी बोलणारा शिक्षकही येतो आणि काल आलेला ग्वातेमालाचा पोरगाही.

तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. काउंटीचं वय कोवळं आहे, साधारण तीस टक्के माणसं अठराच्या आतली. ग्रामीण अमेरिकेत हे विरळा. बाकी ठिकाणी शाळा बंद पडतायत, इथे शिक्षक कमी पडतात, म्हणून तर नाशिकपर्यंत विचारणा आली. वर्गात हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण काउंटीतल्या निम्म्यापेक्षा बरंच जास्त असतं, कारण गोरी लोकसंख्या वयस्क आहे. राज्याचा शिक्षण विभाग प्रत्येक शाळेचे आकडे जाहीर करतो: किती मुलं इंग्रजी शिकणारी, किती मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र. तुमच्या नेमक्या शाळेचे हे दोन आकडे काढा, सगळ्या जिल्ह्याची सरासरी घेऊ नका. (इथे ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे शाळा चालवणारी संस्था, आपल्या जिल्ह्याशी गल्लत नको.) आणखी एक विचारा: वर्षाच्या मध्ये किती मुलं येतात-जातात? आईबापाची नोकरी बदलली की मूल जानेवारीत दाखल होतं, आणि त्याची मधली दोन वर्षं कुठेच शाळा झालेली नसते.

गणित शिकवताना कुठे अडेल तेही सांगतो. मेक्सिकोत शिकलेली मुलं भागाकारात वजाबाकीच्या पायऱ्या लिहीत नाहीत, मनात करतात आणि फक्त बाकी मांडतात. ती कॉपी नव्हे, तशीच रीत आहे. ‘बोडमास’ म्हणालात तर कुणाला कळणार नाही, तिथे ‘पेमडास’. आणि सगळ्यात मोठा घोळ ‘इंटू’चा. आपण ‘थ्री इंटू ट्वेल्व्ह’ म्हणतो तेव्हा छत्तीस अपेक्षित असतात; तिथलं मूल बाराला तीनने भागून चार म्हणेल. ‘टाइम्स’ म्हणायची सवय विमानात बसण्याआधीच करा.

उत्पन्नाच्या आकड्याला लोक हमखास फसतात. ‘मध्यक (मीडियन) कौटुंबिक उत्पन्न’ बऱ्यापैकी दिसतं, पण एका घरात दोन-तीन कमावते असतात, एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. त्याच पानावरचं दरडोई उत्पन्न बघा, ते बरंच खाली असतं. तुमच्या घरात सुरुवातीला कमावतं माणूस एकच असणार, त्यामुळे तुलना तुमच्या एका पगाराची करा. शिक्षकांचं वेतनपत्रक जाहीर असतं, अनुभवाची पायरी आणि शिक्षणाचा स्तंभ अशा चौकटीत. तुमची नाशिकची वर्षं किती धरली ते लेखी घ्या. दुसरी मेख अशी की 65 हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीला जनगणना खात्याचे एक वर्षाचे सविस्तर अंदाज मिळत नाहीत. जे दिसतात ते बहुधा पाच वर्षांची सरासरी असतात, त्यामुळे घरभाडं प्रत्यक्षापेक्षा स्वस्त भासतं. भाड्यासाठी आजच्या जाहिरातीच बघा. बेरोजगारीचा दर इथे कमी असतो, पण त्याने यजमानांनी हुरळून जाऊ नये. रिकाम्या जागा कारखान्यात, गोठ्यांवर, दूध भुकटीच्या प्रकल्पात, इस्पितळात आणि शाळेत असतात; आयटीत नगण्य.

यजमानांना जे-2 (जे-1 वाल्याच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर काम करता येतं, पण अमेरिकेत पोचल्यावर आय-765 अर्ज भरून परवाना हातात आल्यावरच, आणि त्याला काही महिने लागू शकतात. तोवर पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणं हेसुद्धा अमेरिकेत बसून केलेलं काम धरलं जाऊ शकतं. ‘कोण बघतंय’ हा सल्ला ऐकू नका. तुमच्या पगारातून पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याचे) 7.65 टक्के कापले जाऊ नयेत. पण ऑगस्टमध्ये आलात तर ऑगस्ट ते डिसेंबर हेच पहिलं वर्ष मोजलं जातं, म्हणजे सवलत प्रत्यक्षात सतरा महिन्यांची. यजमानांना ही सूट नाही. भारत-अमेरिका करकराराचं कलम 22 शिक्षकांना पहिल्या भेटीपासून जास्तीत जास्त दोन वर्षं आयकरात सवलत देऊ शकतं, पण तीन वर्षांच्या मुक्कामाला ते लागू होतं का हे आधी विचारा. त्यासाठी 1040-एनआर (अनिवासींचा आयकर फॉर्म) भरणारा हिशेबनीस शोधा, गल्लीतला कर भरून देणारा बहुधा चुकीचा फॉर्म भरतो.

धोका कुठे आहे तेही स्पष्ट बोलू. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत गुरांची संख्या 8 कोटी 67 लाखांवर आली, 1951 नंतरची सगळ्यात कमी. गुरं महाग, कारखाने तोट्यात. नोव्हेंबर 2025 मध्ये टायसनने नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. तेही असंच एका कारखान्यावर उभं असलेलं गाव. फिनीचंही तसंच होईल असं नाही, पण शाळेला सरकारी पैसा मुलांच्या संख्येवर मिळतो आणि मुलं कारखान्यावर अवलंबून. करारात पटसंख्या घटल्यास काय, हे कलम आहे का बघा.

दुसरा धोका जमिनीखाली आहे. विमानातून खाली बघाल तर हिरवी वर्तुळं दिसतील. चौकोनी तुकडा 160 एकरांचा, मधोमध बोअर, तिच्याभोवती चाकांवर फिरणारा लांबलचक पाइप. तो सव्वाशे एकर भिजवतो आणि चार कोपरे कोरडे राहतात. हे पाणी ओगालाला नावाच्या भूजलसाठ्यातलं. पाऊस वर्षाला जेमतेम 19 इंच, पुनर्भरण नगण्य, उपसा प्रचंड. त्या पाण्यावर मका, मक्यावर गुरं, गुरांवर कारखाना. नकाशावर गावाच्या दक्षिणेला आर्कान्सा नदी दिसते. प्रत्यक्षात बहुतेक काळ तिथे वाळू असते. तीन वर्षांत तुम्हाला याची झळ लागणार नाही, पण स्थानिक माणूस बोअरच्या पातळीबद्दल बोलू लागला की सोलापूरचा शेतकरी बोलतोय असं वाटेल. ज्वारीही पिकते, कॅन्सस तिच्यात देशात पहिला. तिथे तिला ‘मायलो’ म्हणतात आणि ती बरीचशी जनावरांना जाते. भाकरीचं पीठ विचिटाहून, तीन-साडेतीन तासांवरून आणा. कोथिंबीर, मिरच्या, पेरू मात्र गावातल्या मेक्सिकन दुकानात मिळतील.

गाईचा विषय टाळण्यात अर्थ नाही. टायसनचा कारखाना दिवसाला सुमारे सहा हजार गुरं कापतो. वारा फिरला की गोठ्यांचा वास गावात येतो, पावसानंतर जास्त. शाळेच्या जेवणात बीफ असतं. मुलाचं ताट वेगळं हवं तर कार्यालयात लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं वाढणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. मुलाच्या प्रवेशासाठी 31 ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत.

सुरक्षिततेबद्दल विचारलंत. 2016 मध्ये तिघांनी गार्डन सिटीतली सोमाली कुटुंबांची इमारत बॉम्बने उडवायचा कट केला होता. एफबीआयने त्यांना आधीच पकडलं, 2019 मध्ये तिघांना पंचवीस ते तीस वर्षांची शिक्षा झाली. ही बाजूही माहीत असावी. रोजच्या जगण्यात मात्र चाळीस वर्षं परक्यांना सामावून घ्यायची सवय असलेलं हे गाव आहे, आणि एवढ्या लहान वस्तीत ते सहसा मिळत नाही.

घर भाड्याने घेताना मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणून ठेवलेलं घर) स्वस्त पडेल, पण त्याला तळघर नसतं. टोर्नेडोचा भोंगा वाजला तर जायचं कुठे, ते पहिल्या दिवशी विचारून ठेवा. तळघरात झोपायची खोली असेल तर रेडॉन (जमिनीतून झिरपणाऱ्या किरणोत्सारी) वायूची चाचणी झाली आहे का विचारा. लिटरला 4 पिकोक्युरींवर आकडा गेला तर दुरुस्ती हवी. गाडीचा विमा गारपिटीसह घ्या, कॉम्प्रिहेन्सिव्ह. गाडीशिवाय भागणार नाही. बससेवा छोटी, रेल्वे दिवसाला प्रत्येक दिशेला एक, आणि विमान पकडायचं तर डॅलसमार्गे. किराण्यावर राज्याचा विक्रीकर 2025 पासून शून्य आहे, गावाचा आणि काउंटीचा उरतो.

आरोग्य विम्याचा कागद तपासा: जे-1 च्या नियमाने प्रत्येक आजारासाठी किमान एक लाख डॉलर संरक्षण आणि डिडक्टिबल (विमा भरायला लागण्याआधी स्वतःच्या खिशातून द्यायची रक्कम) प्रत्येक आजारामागे जास्तीत जास्त 500 डॉलर, हे तिघांनाही लागू. नोकरीतला विमा कधी सुरू होतो तेही विचारा, कारण मधले आठवडे उघडे राहतात. वर्ग ऑगस्टच्या मध्यात सुरू होतात आणि पहिला पगार बहुधा सप्टेंबरात पडतो. तोवरचं भाडं, अनामत आणि जुन्या गाडीचे पैसे नाशिकहूनच आणावे लागतील.