इलोकानो (उत्तर फिलिपिन्समधल्या इलोकोस भागातल्या) बांबू फर्निचरच्या छोट्या प्रतिकृती करायच्या आहेत. १:१२ स्केलला बार्बेक्यूच्या काड्या चालतील का?

चालतील, पण मग ते बांबूचं फर्निचर न दिसता गोल काड्यांचं दिसेल. तुम्हाला 'पापाग' (बसायला-झोपायला वापरतात ती बांबूची बाज) आणि हातांची खुर्ची, दोन्ही करायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फिलिपिन्समध्ये ला युनियनला नोकरीनिमित्त राहात होतो तेव्हा हा नाद लागला आणि पुण्यात आल्यावरही सुटलेला नाही.

खरी अडचण पेरांची आहे. इलोकोस भागात अशा सामानासाठी काटेरी वेळू वापरतात, तिकडे त्याला सिइतान म्हणतात. पापागचा पाया साधारण ७-८ सेंमी जाड, उंची ४५ सेंमीच्या आसपास आणि वेळूचं पेर तीसेक सेंमीचं. म्हणजे एका पायाला एक-दोन डोळे (दोन पेरांमधल्या गाठी) येतातच. पायाचं वरचं टोक नेहमी डोळ्याच्या किंचित वर कापलेलं असतं, म्हणजे पोकळी बंद राहते, पाणी आत जात नाही आणि टोक चिरत नाही. बार्बेक्यूची काडी जाड बांबूच्या भिंतीतून यंत्रावर गोल तासलेली असते. तिला ना डोळा, ना साल, ना पोकळी.

त्यामुळे स्केल आधी ठरवून बांबू शोधायला निघू नका. हाताला कुठला बांबू लागतोय ते बघा आणि मग स्केल ठरवा. माझ्या मते १:६ सोयीचं. १८० सेंमीचा पापाग ३० सेंमीचा होतो, उंची साडेसात आणि पाये १२-१३ मिमीचे. एवढ्या जाडीची, जवळजवळ डोळे असलेली वस्तू म्हणजे बांबूच्या फांद्या आणि शेंडे. ते बेटाखाली पडलेलेच असतात. तळकोकणातून माणग्याच्या फांद्या मिळाल्या तर उत्तम. माणगा जवळजवळ भरीव असल्याने भोक पाडताना फुटत नाही. मात्र आडव्या बांबूची टोकं पायातून आरपार बाहेर आलेली असतात आणि तिथे पोकळी दिसायला हवी, म्हणून त्या टोकांना छोट्या ड्रिलने थोडं पोखरा. एवढ्याशा कामाने प्रतिकृतीत जीव येतो.

वरच्या पट्ट्या, म्हणजे आपल्या कामट्या, मात्र फांदीच्या काढू नका. फांदीची कामटी पन्हाळीसारखी वाकडी येते. खऱ्या पापागच्या पट्ट्या जाड वेळूच्या असल्याने जवळजवळ सपाट असतात. त्यामुळे सांगाडा फांदीचा आणि पट्ट्या लांब पेराच्या जाड बांबूच्या घ्या. प्रत्येक तुकड्याचे निम्मे करत जा, चार-पाच मिमी रुंदीपर्यंत. चीर एका बाजूला सरकायला लागली, तर जाड राहिलेली बाजू जास्त वाकवा, चीर तिकडे वळून परत मधे येते. मग आतला मऊ गर तासून जाडी दीड मिमीवर आणा. साल वरच्या अंगाला, दोन पट्ट्यांत दीड-दोन मिमी फट. फटी अगदी एकसारख्या ठेवू नका, खऱ्यातही नसतात.

जोडाला खिळा नको. पायात आरपार भोक, त्यातून आडवा बांबू आणि वरून बांबूचीच बारीक खुंटी. भोक पाडण्याआधी त्या जागेभोवती कागदी टेप घट्ट गुंडाळा आणि ड्रिल हाताने फिरवा. गम लावायचाच असेल तर तिथली साल आधी खरवडा. सालीवर मेणचट थर असतो आणि ती गुळगुळीत असते, त्यामुळे गम धरत नाही. वरची बांधणी तिकडे चिरलेल्या वेताची असते. १:६ ला तो वेत मिलिमीटरच्याही आत जातो. त्याला मी फुलवाल्याकडचं केळीचं सोपट चिरून वापरतो. ओलं असताना हवं तसं वळतं आणि रंगही बरोबर जुळतो.

खुर्ची नंतर करा. तिचा कोपऱ्यातला वळवलेला जोड कठीण आहे. आडव्या बांबूला खाच पाडून सालीकडची फक्त एक पट्टी ठेवतात आणि ती तापवून पायाभोवती वळवतात. पट्टी बाहेरच्या, सालीच्या अंगाचीच ठेवायची, कारण धागे तिथे दाट असतात. आतल्या अंगाची ठेवलीत तर वळताना तुटते. खाचेची लांबी मोजायला पायाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि जेवढा भाग वळसा घेणार तेवढी खूण करा. तासभर पाण्यात भिजवून सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या दांड्यावर हळूहळू वळवली की पट्टी आकार धरते. मेणबत्तीवर ती काळी पडते.

फोटो शोधताना एक काळजी घ्या. 'इलोकोस फर्निचर' म्हणून शोधलंत की बहुतेक व्हिगन या तिथल्या जुन्या शहरातल्या वाड्यांतलं लाकडी सामान समोर येतं. व्हिगन १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि शेजारचं सान व्हिसेन्ते लाकडी कामासाठी प्रसिद्ध, त्यामुळे ते साहजिकच. पण तो श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा थाट. तुमचा पापाग घराच्या ओसरीत, झाडाखाली किंवा गावकीच्या दाप-आयानमध्ये (आपल्या पारासारखी गप्पांची जागा) सापडेल. तसे फोटो बघा.

कीड विसरू नका. बांबूतल्या पिठूळ गरासाठी भुंगेरे येतात आणि काचेच्या कपाटातही बारीक भुकटी पडायला लागते. लिटरभर कोमट पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून सगळे तुकडे कापल्यावर, जोडण्याआधी, दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. मग सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. हातमोजे घाला आणि ते पाणी मुलांपासून लांब ठेवा.

चकचकीत वॉर्निश अजिबात मारू नका. वस्तू छोटी झाली तरी चकाकी छोटी होत नाही, आणि सगळं प्लास्टिकचं वाटतं. मध रंग हवा असेल तर काम पूर्ण झाल्यावर ते खिडकीपाशी ठेवून द्या, काही महिन्यांत आपोआप येतो.