कमी कर म्हणजे सरस कामगिरी?

प्रश्न : एकाच उद्योगातील दोन कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ सारखा असूनही एकीचा करोत्तर नफा बराच अधिक आहे. तिचे करनियोजन चांगले, म्हणून तिची आर्थिक कामगिरीही सरस, असे मानावे काय?

उत्तर : तेवढ्यावरून मानू नये. करपूर्व नफा १०० असताना एकीने २५ आणि दुसरीने १५ कर दाखवला, तर करोत्तर नफा अनुक्रमे ७५ आणि ८५ होतो, आणि प्रति समभाग मिळकतही त्याच प्रमाणात फुगते. मात्र व्यवसायाने अधिक काही कमावलेले नसते. तेव्हा हे १० कोठून आले आणि पुढील वर्षीही येतील का, हे आधी पाहावे.

संशोधनावरील सवलत किंवा करमुक्त उत्पन्न यांमुळे होणारी बचत कायमची असते आणि ती प्रभावी करदर, म्हणजे करपूर्व नफ्याशी कराचे प्रमाण, खाली आणते. घसाऱ्याची गोष्ट निराळी आहे. करासाठी यंत्राचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी धरलेला खर्च, लवकर वजा करता आला, तर या वर्षी कर कमी भरावा लागतो, पण तो पुढे भरायचाच असल्याने हिशेबात आस्थगित, म्हणजे पुढे ढकललेल्या, कराची तरतूद होते आणि करोत्तर नफा जागचा फारसा हलत नाही. हाती राहते ती रोकड आणि तेवढ्या काळाचे व्याज. नफ्याच्या आकड्यात न दिसणारी ही बचत, माझ्या मते, सर्वांत भरवशाची, कारण तिच्यासाठी कायद्याचा अर्थ ताणावा लागत नाही. म्हणूनच नफा-तोटा पत्रकातील कराशेजारी रोख प्रवाह पत्रकातील प्रत्यक्ष भरलेला कर ठेवून किमान पाच वर्षांचे आकडे ताडून पाहावेत.

आस्थगित कर उलटही फिरतो, म्हणजे पुढे वाचणारा कर हिशेबात मालमत्ता म्हणूनही दिसू शकतो. अमेरिकेने २०१७ च्या अखेरीस कंपनी कराचा दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला, तेव्हा भावी करातून वळती करून घेण्याजोग्या सिटीग्रुपच्या जुन्या वजावटींचे मूल्यच घटले आणि त्या तिमाहीत बँकेला सुमारे १८ अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागला. दर उतरला आणि तोटा झाला!

जोखीमही मोजावी लागते. आयर्लंडमधील करव्यवस्थेबाबत युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये ॲपलकडून १३ अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश दिला. तो २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयात कायम झाला आणि कंपनीचा प्रभावी करदर आदल्या वर्षीच्या १४.७ टक्क्यांवरून २४.१ टक्क्यांवर गेला. अशा वादांची चाहूल बहुधा ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये, आकस्मिक देण्यांखाली, म्हणजे पुढे द्यावी लागतील की नाही हे अनिश्चित असलेल्या रकमांखाली, लागते. मिहिर देसाई आणि धम्मिका धर्मपाल या अभ्यासकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासातही करटाळणीमुळे कंपनीचे मूल्य सरसकट वाढल्याचे आढळले नाही. ज्यांचा कारभार चोख होता, त्यांच्याच बाबतीत ते वाढलेले दिसले. हे पटण्यासारखे आहे, कारण व्यवहारांची गुंतागुंत करखात्यापासून जे लपवते, ते भागधारकांपासूनही लपवू शकते.

प्रश्न : कर्जावरील व्याजाची वजावट मिळते, मग भागभांडवलाऐवजी कर्ज काढणेच फायद्याचे नाही का?

उत्तर : करदर २५ टक्के असेल, तर १०० व्याजामागे २५ वाचतात, उरलेले ७५ कंपनीच्याच खिशातून जातात. शिवाय तोट्याच्या वर्षी ही बचत लगेच हाती येत नाही, व्याज मात्र भरावेच लागते. व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपलीकडील व्याजाच्या वजावटीवर अनेक देशांनी मर्यादाही घातली आहे. तिच्या कक्षेत कोणते कर्ज येते, हे देशागणिक बदलते.